ऑक्टोबर हीटमधले लाँग रन: घाम, मीठ, पेस आणि थांबायची वेळ

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून सोळा आठवडे मागे मोजले की सराव सप्टेंबरअखेर सुरू होतो, आणि १६, १८, २० किलोमीटरचे पहिले लाँग रन नेमके ऑक्टोबरात येतात. पाऊस नुकताच माघारी गेलेला, जमीन अजून ओली, आभाळ मोकळे आणि वारा पडलेला. पावसाळ्यात ढगांखाली आरामात १५ किलोमीटर करणारी माणसे या महिन्यात बाराव्या किलोमीटरला चालायला लागतात आणि आपला सराव वाया गेला असे समजतात. सराव वाया गेलेला नसतो. हवा बदललेली असते, आणि तिच्याप्रमाणे वेग, पाणी, मीठ आणि वेळ बदलायचे राहून गेलेले असते.

शरीर हा कूलर आहे, एसी नाही

उन्हाळ्यात नागपुरात कूलर छान चालतो आणि मुंबईत तोच कूलर खोली नुसती दमट करतो, हे सगळ्यांना माहीत आहे. धावणाऱ्याचे शरीर अगदी तसेच चालते. घाम येण्याने गारवा मिळत नाही, घाम वाळण्याने मिळतो. कोपरावरून ठिबकणारा, बुटात साठणारा घाम शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र घेऊन जात नाही.

आकड्यात बघू. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोचा माणूस तासाला ९ किलोमीटर धावला तर ५८५ किलोकॅलरी. यातल्या तीन चतुर्थांशाहून जास्त, म्हणजे किमान ४४० किलोकॅलरी, उष्णतेच्या रूपात अंगातच सुटतात. ही उष्णता बाहेर गेलीच नाही तर शरीराचे तापमान दर सात-आठ मिनिटांना एक अंशाने चढेल. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी जातात. म्हणजे या माणसाचा पाऊण लिटर घाम तासाभरात *वाळायला* हवा. कोरड्या हवेत तो वाळतो. दमट हवेत दीड लिटर गाळूनही तेवढा वाळत नाही, आणि उरलेली उष्णता आत साठत राहते.

म्हणून हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाशेजारी दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान) बघायची सवय लावा. आर्द्रतेची टक्केवारी फसवते. मुंबईत पहाटे ५ वाजता २६ अंश तापमान आणि ८९ टक्के आर्द्रता दिसते, ९ वाजता ३१ अंश आणि ६६ टक्के. वाचणाऱ्याला वाटते की हवा कोरडी झाली. प्रत्यक्षात दोन्ही वेळी दवबिंदू २४ च आहे. हवेतले बाष्प तेवढेच आहे, वर ऊन वाढले आहे.

पेस किती उतरवायचा यासाठी धावणाऱ्यांमध्ये एक अंदाज वापरला जातो. तापमान आणि दवबिंदू सेल्सियसमध्ये घ्या आणि बेरीज करा. बेरीज ४० च्या आसपास असेल तर नेहमीच्या पेसपेक्षा २ ते ३ टक्के हळू, ४५ ला ३ ते ४.५ टक्के, ५० ला ४.५ ते ६, ५५ ला ६ ते ८, ६० ला ८ ते १० टक्के. ६४ च्या वर जोराचा सराव रद्द करा, फार तर हळू जॉग. मुंबईतली पहाट २६ अधिक २४, म्हणजे ५०. तुमचा लाँग रन एरवी ६:३० च्या पेसने (किलोमीटरला साडेसहा मिनिटे) होत असेल तर इथे ६:५० धरा. ९ वाजता बेरीज ५५ होते, पेस ७ मिनिटांवर जातो, आणि थेट उन्हाचा हिशेब यात धरलेलाच नाही. नागपुरात त्याच पहाटे २१ अधिक १८ असेल तर बेरीज ३९. एकाच राज्यातले दोन धावपटू एकाच दिवशी आपापले पेस ग्रुपवर टाकतात तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा, नाहीतर मुंबईकर उगीच खचतो.

हे आकडे सुरुवातीपासून पाळायचे आहेत. पहिले पाच किलोमीटर गार वाटतात म्हणून ६:३० ने जायचे आणि मग बघू, असे केले की साठलेली उष्णता परत देता येत नाही. नाडी हा दुसरा पुरावा. त्याच पेसला नाडी रोजच्यापेक्षा १०-१५ ठोके वर असेल तर घड्याळातला पेस विसरा आणि नाडी जागेवर राहील तेवढ्याच वेगाने धावा. घड्याळ नसेल तर पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. ९ मिनिटे धाव, १ मिनिट चाल ही पद्धत उकाड्यात फार उपयोगी पडते, आणि ती दमल्यावर सुरू करायची नसते, पहिल्या नवव्या मिनिटालाच सुरू करायची असते.

अंगाला उकाड्याची सवय: १० ते १४ दिवस

शरीर उष्णतेला सरावते. रोज तासभर घाम निघेल असा व्यायाम केला तर पहिल्या आठवड्याच्या आतच रक्तातले पाणी वाढते, त्यामुळे नाडी खाली येते. पुढच्या आठवड्यात घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते. या सगळ्याला १० ते १४ दिवस लागतात.

पहिले चार दिवस ३० ते ४० मिनिटे, अगदी हळू. पाचव्यापासून आठव्या दिवसापर्यंत ४५ ते ६० मिनिटे. नंतर एखादा ७५ मिनिटांचा. लाँग रन दहाव्या दिवसानंतरच. या काळात इंटरव्हल (आलटून पालटून जोरात आणि हळू धावणे) आणि टेम्पो (बराच वेळ सलग वेगात धावणे) नकोत, फार वाटले तर ते जिममधल्या ट्रेडमिलवर करा, पण समोर पंखा लावून. ट्रेडमिलवर माणूस जागचा हलत नाही, त्यामुळे अंगावर वारा येत नाही. बंद खोलीत पंख्याविना ट्रेडमिल रस्त्यापेक्षा जास्त तापवते.

सतत पहाटे ४:३० ला धावून ४:३० च्याच हवेची सवय होते. शर्यतीत चार-साडेचार तास घेणारा धावपटू पेडर रोडच्या चढावर येतो तेव्हा ऊन चांगले वर आलेले असते, जानेवारी असला तरी. म्हणून आठवड्यातले दोन छोटे रन, ४० मिनिटांचे, मुद्दाम सकाळी ७:३० च्या सुमारास करा. सवय लागते तशी सुटतेही. आठवडाभर एसी ऑफिस, एसी गाडी आणि एसी बेडरूममध्ये काढून फक्त रविवारी २० किलोमीटर करणाऱ्याचे शरीर दर रविवारी जवळपास नव्याने सुरुवात करत असते. उष्णतेने आडवे होणाऱ्यांत हे रविवारचे धावपटू पुष्कळ असतात.

घाम मोजा

तासाला किती प्यायचे हे दुसऱ्याला विचारून कळत नाही. कुणाचा तासाला ६०० मिली घाम जातो, कुणाचा दोन लिटर. घरच्या वजनकाट्यावर ते कळते. लघवी करून, कपडे काढून वजन घ्या. तासभर नेहमीच्या पेसने धावा, मध्ये किती प्यायलात ते मोजा. परत आल्यावर अंग कोरडे पुसून, पुन्हा कपडे काढून वजन घ्या. कपड्यांसकट घेतलेले वजन निरुपयोगी, कारण भिजलेल्या टी-शर्टमध्येच पाव लिटर घाम असू शकतो.

समजा आधी ६८.० किलो, नंतर ६७.१, आणि मध्ये ४०० मिली पाणी प्यायलात. घट ९०० ग्रॅम अधिक प्यायलेले ४००, म्हणजे तासाला १.३ लिटर घाम. अडीच तासांच्या रनमध्ये सव्वातीन लिटर जाणार. ते सगळे भरून काढायचे नसते. पोटातून तासाला ८०० मिली ते लिटरभरापेक्षा जास्त पाणी पुढे सरकतच नाही, बाकीचे नुसते डुचमळते. तासाला ६०० मिली घेतले तर अडीच तासांत दीड लिटर आत गेले, तूट पावणेदोन किलोची, म्हणजे वजनाच्या अडीच टक्क्यांच्या जवळ. सरावाच्या रनला हे चालते. ६०० मिली म्हणजे दर १५ मिनिटांनी १५० मिली, साधारण तीन-चार मोठे घोट.

ही चाचणी ऑक्टोबरात एकदा आणि डिसेंबरात एकदा करा. दोन आकडे वेगळे येतील.

उलटी चूक जास्त धोक्याची आहे. ‘पाणी पीत राहा’ हा सल्ला ऐकून शर्यतीच्या वाटेवरच्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर साध्या पाण्याचे दोन-दोन ग्लास घेणाऱ्या, पाच-सहा तास लागणाऱ्या धावपटूच्या रक्तातले सोडियम पातळ होते. बोटे सुजतात, अंगठी घट्ट होते, डोके दुखते, मळमळते, मग बोलणे असंबद्ध होते. रन संपल्यावर वजन सुरुवातीपेक्षा वाढलेले असेल तर पाणी जास्त झाले, एवढे नक्की. अशा माणसाला आणखी पाणी किंवा साधे सलाईन देण्याची घाई करू नये, डॉक्टरांकडे न्यावे. तहान लागली की प्यावे आणि मोजलेल्या घामापेक्षा जास्त कधीच पिऊ नये.

बाटलीत काय

तासाभरापर्यंतच्या रनला साधे पाणी पुरते. त्यापुढे मीठ आणि साखर दोन्ही लागतात. काळ्या टोपीवर किंवा बनियनवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे.

घरचे पेय, एक लिटरचे: उकळून गार केलेले पाणी, सपाट भरलेले १० छोटे चमचे साखर (सुमारे ४० ग्रॅम), छोट्या चमच्याचा एक तृतीयांश मीठ (सुमारे २ ग्रॅम, त्यातून ८०० मिलिग्रॅम सोडियम) आणि एका लिंबाचा रस. चमचा पोहे खायचा नको, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो ५ मिलीचा घ्या. पोह्यांच्या चमच्यात दीडपट मीठ बसते आणि मग पेय पिववत नाही. साखर ८० ग्रॅमच्या वर नेली तर पोट ते पुढे सोडत नाही आणि धावताना कळा येतात.

ओआरएसचे पाकीट जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे आहे का ते वाचून घ्या. त्यात लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असते, म्हणजे मीठ भरपूर आणि ताकद कमी. ते जुलाबासाठी बनवलेले आहे. धावताना वापरायचे तर बरोबर खजूर किंवा केळे ठेवा. मोठे पाकीट एक लिटरचे असते, छोटे २०० मिलीचे. मोठे पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणे ही नेहमीची चूक आहे. नुसते गोड, रंगीत, फळाच्या चवीचे खोके म्हणजे ओआरएस नव्हे.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. घामातून जाते ते मुख्यतः सोडियम. म्हणून शहाळे रननंतर, चिमूटभर मीठ घालून. कोकम सरबत धावताना चांगले जाते, पण आगळात मीठ आधीच असते आणि किती ते बाटलीगणिक बदलते, तेव्हा चाखल्याशिवाय वरून मीठ घालू नका. ताक धावताना बहुतेकांना सोसत नाही, नंतर मात्र उत्तम. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचे हे प्रमाण आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये.

७५ मिनिटांपुढे जायचे असेल तर दर ४० ते ४५ मिनिटांनी अर्धे केळे किंवा दोन खजूर. शेंगदाण्याची चिक्की उकाड्यात नको, तिच्यातले तेल पचायला रेंगाळते.

आदल्या रात्री, आणि उपवास

पहाटे ५ च्या रनसाठी ४:१५ ला उठून ३०० ते ३५० मिली पाणी पुरे. खरी तयारी आदल्या दिवशीची. जेवणात रोजच्यासारखे मीठ, आमटी, ताक. रात्री मुद्दाम दोन लिटर पाणी पिऊन झोपमोड करण्यात काही अर्थ नाही, ते लघवीवाटे निघून जाते.

नवरात्र बहुधा याच दिवसांत येते, आणि याविषयी स्पष्ट बोलायला हवे. नऊ दिवसांचा कडक उपवास, रात्री गरबा आणि रविवारी पहाटे २० किलोमीटर हे एकत्र होत नाही. उपवासात भाकरी-भाजी-आमटीतून येणारे मीठ बंद होते, झोप तुटलेली असते, आणि या दोन्हींमुळे उष्णता सोसण्याची ताकद उतरते. उपवास करायचा असेल तर जरूर करा, पण त्या रविवारचा रन ८ ते १० किलोमीटरवर आणा, सैंधव घातलेले लिंबूपाणी बरोबर ठेवा आणि आदल्या रात्री रताळे, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी-वरी असे पोटभर घ्या. निर्जळी उपवासाच्या दिवशी धावू नये.

ऑक्टोबर हा डेंग्यूचा आणि व्हायरल तापाचाही महिना. ताप, जुलाब, उलट्या झाल्या असतील तर बरे वाटल्यानंतरही किमान आठवडाभर लाँग रन नको. रनच्या आधी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कपडे, टोपी, व्हॅसलीन

सुती बनियन घाम धरून ठेवते, जड होते आणि घासते. पातळ पॉलिएस्टरचा, सैल, फिक्या रंगाचा टी-शर्ट किंवा सिंगलेट बरा. दमट हवेत बंद टोपीपेक्षा जाळीची टोपी किंवा नुसता व्हायझर. विदर्भात कोरड्या उन्हात उलट करायचे: ओला पंचा मानेभोवती आणि भिजवलेली टोपी. तिथे साधे पाणीसुद्धा कूलरच्या तट्ट्यांसारखे काम करते. मुंबईत अंग आधीच ओले असते, त्यामुळे डोक्यावर साधे पाणी ओतून फारसे साधत नाही. तिथे बर्फ हवा. टोपीत किंवा मानेवरच्या रुमालात बांधलेले चार खडे थेट उष्णता ओढून घेतात. बर्फ घरच्या फ्रीजमधला. मासळीसाठी येणाऱ्या लादीचा बर्फ तोंडात घालू नका.

पाणी ओतताना कमरेतून पुढे वाका. सरळ उभे राहून ओतले की ते पायावरून बुटात जाते, मोजे भिजतात आणि पुढच्या पाच किलोमीटरमध्ये टाचेला फोड येतो. काखा, जांघा, स्पोर्ट्स ब्राच्या पट्ट्यांखाली व्हॅसलीन. पुरुषांनी स्तनाग्रांवर कागदी चिकटपट्टी लावावी, कारण दमट हवेत १५ किलोमीटरनंतर टी-शर्टवर रक्ताचे डाग दिसणे अगदी सामान्य आहे.

रस्ता आणि वेळ

ऑक्टोबरात मुंबईत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, नागपुरात त्याच्या सुमारे २५ मिनिटे आधी. २० किलोमीटरला अडीच तास लागणार असतील तर मुंबईत ४:३० ला निघा, म्हणजे अर्धाच तास उन्हात जाईल. अंधारात परावर्तित पट्टा आणि छोटा दिवा हवाच.

सरळ १० किलोमीटर जाऊन परतण्यापेक्षा ३ ते ५ किलोमीटरच्या फेऱ्या मारा. मरीन ड्राइव्हवर जाऊन येऊन साधारण सात किलोमीटर होतात, शिवाजी पार्कची फेरी सव्वा किलोमीटरच्या आत. स्कूटरच्या डिकीत बर्फ घातलेल्या बाटल्या ठेवल्या की दर फेरीला गार पेय मिळते, आणि बिघडलेच तर घर लांब नसते. वारा असेल तर जाताना तो पाठीवर घ्या, येताना तोंडावर. पाठीवरचा वारा तुमच्याच वेगाने असला तर अंगाला हवा लागतच नाही. हा भाग पहिल्या, ताज्या तासात उरकावा.

निघण्यापूर्वी अर्धा तास बर्फाचा चुरा घातलेले सरबत, वजनाच्या दर किलोमागे साडेसात ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४५० ग्रॅम, सावकाश खाल्ले तर शरीर थोडे गार होऊन सुरुवात करते. पहाटे ३:३० ला हे कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. शर्यतीच्या दिवशी उशिराची सुरुवात असेल तर करून बघा, पण आधी सरावात.

रननंतर जेवढे वजन घटले त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या चार-सहा तासांत, जेवणाबरोबर. १.२ किलो घटले असेल तर दीड ते पावणेदोन लिटर. जिरे-मीठ घातलेले ताक, सोलकढी, वरणभात आणि लोणचे यातून मीठ आपोआप भरते. लघवी काळ्या चहासारखी आली तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार आलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

थांबायचे कधी

अंगावर काटा येणे, थंडी वाजल्यासारखे होणे, घाम चालू असूनही त्वचा गार लागणे, चक्कर, डोक्यात ठोके, पिंडरीत एकामागून एक गोळे. यातले एकही दिसले की धावणे बंद, सावलीत, पाय उंच करून आडवे, मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने. अर्ध्या तासात बरे वाटले तर रिक्षाने घरी. उरलेले चार किलोमीटर पुढच्या रविवारी.

उष्माघात वेगळा, आणि त्यात मिनिटे मोजायची असतात. शरीराचे आतले तापमान ४० च्या वर गेलेले असते आणि मेंदू बिघडू लागतो. माणूस झोकांड्या खातो, चिडतो, रडतो, भलतेच बोलतो, कोसळतो. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते. काखेतला थर्मामीटर इथे खोटा आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नका. नाव, आजचा वार आणि आपण कुठे आहोत, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर चुकले की उष्माघात धरूनच चाला.

आधी गार करा, मग हलवा. एकाने १०८ ला फोन करावा, बाकीच्यांनी बूट आणि टी-शर्ट काढून त्याला बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवावे. टब नसेल तर ताडपत्रीचे चार कोपरे चौघांनी धरून झोळी करा, त्यात पाणी आणि बर्फ ओता, डोके एकाने वर धरावे, पाणी हलवत राहावे. अशा पाण्यात तापमान मिनिटाला सुमारे ०.२ अंशाने उतरते, म्हणजे १५ मिनिटांत ३ अंश. बर्फ नसेल तर नळी, बादल्या, टँकर, जे असेल त्याने सतत पाणी ओता आणि पुठ्ठ्याने वारा घाला. बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल सगळ्या अंगावर टाकायचे तर दर दोन-तीन मिनिटांनी बदला. एकदा गुंडाळून ठेवलेली ओली चादर लगेच तापते आणि पांघरूण होऊन बसते. अर्धवट शुद्धीत तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही, हा जंतूंचा ताप नव्हे. तळपायाला कांद्याचा रस चोळण्यात गेलेली दहा मिनिटे परत मिळत नाहीत.

तो नीट बोलू लागला किंवा कुडकुडू लागला की पाण्यातून बाहेर काढा, आणि बरा दिसला तरी रुग्णालयात न्या, कारण यकृत आणि मूत्रपिंडाची इजा रक्ततपासणीशिवाय कळत नाही. त्यानंतर किमान सात दिवस कसलाही व्यायाम नाही. डॉक्टरांनी तपासून, रक्ताचे अहवाल बघून हो म्हटल्यावर गार वेळेला २० मिनिटांपासून सुरुवात, आणि उकाड्याची १४ दिवसांची सवय पुन्हा पहिल्या दिवसापासून.